करुणेचा खर्च कोणाच्या माथी?

देशोदेशींचा प्रवास हीच ज्यांतील स्पर्धा असते, असे कार्यक्रम गेल्या पाव शतकात दूरचित्रवाणीवर चांगलेच रुजले आहेत. अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीने सप्टेंबर २००१ मध्ये सुरू केलेला ‘द अमेझिंग रेस’ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. दोघादोघांच्या जोड्या जगभर धावतात, वाटेत नेमून दिलेली कामे उरकतात आणि अखेरच्या मुक्कामी जी जोडी प्रथम पोचते तिला दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळते. ही कामे त्या त्या देशाच्या लोकजीवनातून निवडलेली आहेत असे सांगितले जाते. गरीब देशांच्या बाबतीत लोकजीवन म्हणजे बहुधा बैल, गाढव, उंट, हत्ती, कोंबड्या आणि त्यांच्या बाजूला उभा असलेला, ज्याचे नावही प्रेक्षकाला कळत नाही असा एक माणूस.

असा एखादा भाग प्रक्षेपित झाला की ठरलेला वाद उसळतो. एक पक्ष म्हणतो, पाहा हे लोक जनावरांना कसे वागवतात. यांना दयामाया नाही, यांच्या देशात पाऊल ठेवू नये. दुसरा पक्ष म्हणतो, ही त्यांची संस्कृती आहे; परक्याने तिथे जाऊन न्यायाधीश होऊ नये. पहिल्याला आपल्या करुणेचा अभिमान असतो, दुसऱ्याला आपल्या सहिष्णुतेचा. आमच्या मते दोघेही एकच गोष्ट विसरतात. जनावराला वेदना होते की नाही हा प्रश्न खराच आहे. परंतु ती वेदना कोणाच्या लाभासाठी घडते आणि ती थांबवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि तो विचारल्यावाचून पहिल्याचे न्याय्य उत्तर मिळत नाही.

या कार्यक्रमाच्या २००४ साली दाखवल्या गेलेल्या पाचव्या पर्वातील एक प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात आहे. फिलिपिन्समधील चिखलाने भरलेल्या एका शेतात स्पर्धकांना नांगर धरून जनावरामागे चालायचे होते आणि चिखलात पुरलेली दोरी नांगराला अडकेपर्यंत तास काढत राहायचे होते. एका तरुण स्पर्धकाचे जनावर काही केल्या त्याच्या मनासारखे चालेना. संतापाने लालबुंद होऊन तो ओरडला की माझा बैल बिघडला आहे. त्या उद्गाराची पुढे कित्येक वर्षे थट्टा झाली. थट्टेच्या भरात त्याचा अर्थ मात्र कोणी पाहिला नाही. आपल्याकडे बैल अडतो, बसतो, बुजतो, फार तर अवसान गाळतो. तो बिघडत नाही. बिघडते ते यंत्र. ज्या समाजात नांगराचे जनावर दोन-तीन पिढ्यांपूर्वीच शेतातून गेले, तिथल्या सुशिक्षित तरुणाच्या तोंडी यंत्राचीच भाषा यावी, यात त्या एकट्याचा दोष नाही. परंतु या प्रसंगात उतावळेपणा कोणाचा होता आणि अनोळखी हाताखाली राबत कोण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे संवेदनशील पाश्चात्त्य आणि निर्दय पौर्वात्य ही सोपी वाटणी टिकत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर लहान शेतकऱ्याचे नांगराचे जनावर हे त्याचे स्थिर भांडवल असते. ते एका आवाजाला, एका हाताला सरावलेले असते. पेरणीच्या किंवा लावणीच्या दिवसांत ते लंगडले तर त्याचा हंगाम जातो. स्पर्धकाला मात्र ते जनावर अर्ध्या तासाचे साधन आहे; त्याची नजर दहा लाख डॉलरांवर आहे. म्हणजे एकाच दोरीची दोन टोके दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांच्या हाती आहेत, आणि मध्ये जनावर आहे. या घटनेला संस्कृतीचा संघर्ष म्हटले की भाडे किती दिले, जनावराला इजा झाल्यास भरपाई कोण देणार, पशुवैद्य हजर होता काय, हे सगळे रुक्ष प्रश्न आपोआप बाजूला पडतात. निर्मात्यांना ते बाजूला पडलेलेच हवे असतात.

हे रुक्ष प्रश्न एका न्यायालयापुढे मात्र आले, आणि त्याची हकीकत उद्बोधक आहे. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीचा ‘आय अॅम अ सेलिब्रिटी’ हा कार्यक्रम शर्यतीचा नसला तरी त्याच जातकुळीचा. नामांकित मंडळींना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या रानात नेऊन अपुऱ्या शिध्यावर ठेवायचे आणि त्यांचे हाल घरबसल्या प्रेक्षकांना दाखवायचे, असे त्याचे स्वरूप. २००९ साली तिथे दोन स्पर्धकांनी एक उंदीर पकडून मारला, शिजवला आणि खाल्ला. भुकेल्या माणसाने उंदीर खाल्ला यात काय मोठेसे, असे अनेकांना वाटले. परंतु प्राण्यांचे रक्षण करणाऱ्या तिथल्या संस्थेने फिर्याद गुदरली. उंदीर खाल्ला, ही तिची तक्रार नव्हती. प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी एक जीव मारला गेला, ही होती. फेब्रुवारी २०१० मध्ये निर्मात्या कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला ३ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्या दोन स्पर्धकांवरील आरोप मागे घेण्यात आले.

कंपनीच्या उत्पन्नाच्या मानाने हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. तरीही त्यातून निघणारे तत्त्व मोठे आहे. सुरी ज्याच्या हातात होती त्याच्यापाशी न थांबता जबाबदारी वर चढत गेली आणि ज्याने हा सर्व देखावा रचला, शिधा तोडला आणि कॅमेरा लावला, त्याच्यापाशी जाऊन थांबली. कामगाराचा हात यंत्रात सापडला तर दोष कामगाराच्या निष्काळजीपणाचा की यंत्राला कुंपण न घालणाऱ्या मालकाचा, हा झगडा कामगार चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या लढवला आहे. जनावरांच्या बाबतीतही प्रश्न त्याच जातीचा आहे, आणि म्हणूनच तो आपला आहे.

आता प्रवाशाच्या नैतिक श्रेष्ठतेचा थोडा इतिहास पाहू. गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध ब्रिटिश संसदेने १८२२ साली कायदा केला आणि १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी संस्था उभी राहिली. ही पावले निःसंशय पुरोगामी होती आणि त्यांचे श्रेय त्या समाजाला दिलेच पाहिजे. १८३५ साली बांधलेल्या अस्वलांवर व बैलांवर कुत्री सोडण्याच्या खेळांना आणि कोंबड्यांच्या झुंजींना बंदी झाली. हे बहुतांशी सामान्य माणसांच्या गल्लीबोळांतील खेळ होते. घोड्यावर स्वार होऊन कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याचा पाठलाग करणे हा जमीनदारांचा खेळ. त्यावर इंग्लंड व वेल्समध्ये बंदी घालणारा कायदा संमत व्हायला २००४ साल उजाडावे लागले. दोन्हींत अंतर १६९ वर्षांचे. जनावराच्या वेदनेत काही फरक नव्हता. फरक होता तो वेदना देणाऱ्याच्या मालमत्तेत.

दुसरे उदाहरण कैरोचे. १९३० साली डॉरोथी ब्रुक ही एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची पत्नी तिथे आली. हाडांचा सापळा झालेले, पाठीवर जखमा असलेले घोडे तिला गाड्या ओढताना दिसले. इजिप्शियन लोक क्रूर आहेत, एवढे म्हणून ती परतली असती तर तिचे नाव कोणी घेतले नसते. तिने चौकशी केली, आणि आढळले ते असे की यांतील कित्येक घोडे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनेच आणलेले होते. लढाई संपल्यावर त्यांना मायदेशी परत नेण्याऐवजी तिथेच विकून टाकण्यात आले होते. साम्राज्याने वापरून टाकलेले हे भांडवल गरीब गाडीवानांनी विकत घेतले आणि तेही त्याच्याबरोबर झिजत राहिले. ब्रुकबाईंनी १९३१ साली लंडनच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहून मदत मागितली, पुढील काही वर्षांत सुमारे ५ हजार घोडे मोबदला देऊन मालकांकडून विकत घेतले आणि १९३४ साली कैरोत घोडे-गाढवांचा मोफत दवाखाना काढला. तिच्या नावाची संस्था आज भारतासह अनेक देशांत, वीटभट्ट्यांवरील खेचरांपर्यंत पोचली आहे. या करुणेत दोन गुण होते. तिने दोषाचा माग आपल्या घरापर्यंत काढला, आणि घोडा सोडवताना गाडीवानाला त्याची किंमत मोजून दिली.

अशी करुणा विरळा. एरवी कॅमेरा एकाच दिशेने पाहतो. अमेरिकेत मांसासाठी वर्षाला ९०० कोटींच्या आसपास कोंबड्या कापल्या जातात. पशूंची कत्तल कमीत कमी वेदना देऊन व्हावी, असा तेथील १९५८चा कायदा आहे. परंतु कोंबड्यांना त्याचे संरक्षण नाही, कारण शासनाने लावलेल्या अर्थानुसार त्या त्या कायद्याखाली येतच नाहीत. या कारखान्यांतून लपून चित्रीकरण करणाऱ्यांनी आतले वास्तव बाहेर आणू लागताच काही राज्यांनी त्यांच्याविरुद्धच कायदे केले. युटाह राज्याने २०१२ साली मालकाच्या संमतीवाचून अशा जागी चित्रीकरण करणे गुन्हा ठरवले. २०१७ साली न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द केला, ही त्या देशाच्या लोकशाहीची जमेची बाजू. परंतु मूळ वृत्ती लपत नाही. गरिबाच्या अंगणात कॅमेऱ्याला मुक्तद्वार आणि कंपनीच्या आवारात मज्जाव. मोरोक्कोच्या बाजारात पिंजऱ्यातली कोंबडी पाहून जिचे डोळे पाणावतात, त्या प्रवासिनीचे अश्रू खोटे नाहीत. तिच्या ताटातली कोंबडी कोठून येते हे तिला दिसू नये, अशी व्यवस्था मात्र तिच्या देशात पैसे खर्चून केलेली आहे.

म्हणून काय संस्कृतीची ढाल पुढे करून स्वस्थ बसायचे? मुळीच नाही. संस्कृती एका तोंडाने बोलत नसते. कॅटलोनियाच्या विधिमंडळाने २०१० साली बैलांच्या झुंजींवर बंदी घातली, तेव्हा बंदी मागणारेही स्पॅनिश भूमीतलेच होते आणि विरोध करणारेही. त्याच विधिमंडळाने त्याच वर्षी शिंगांना पेटते गोळे बांधून बैल गावातून सोडण्याच्या उत्सवांना मात्र संरक्षण दिले, कारण त्या उत्सवांना स्थानिक अस्मितेची जोड होती. पुढे २०१६ साली स्पेनच्या संविधान न्यायालयाने झुंजींवरील बंदी रद्द केली, तीही सांस्कृतिक वारशाच्याच आधारे. एकच शब्द दोन्ही बाजूंना उपयोगी पडला आणि बैलाच्या पदरी काही पडले नाही. परंपरा या शब्दाच्या आड उभे राहून आपल्याकडे अस्पृश्यतेचे आणि बालविवाहाचेही समर्थन झाले होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी तरी या ढालीला फसू नये.

आपल्याकडील जल्लिकट्टूचा आणि बैलगाडा शर्यतींचा वाद याच स्वरूपाचा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये त्यांवर बंदी आणली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर लाखोंचा जनसमुदाय उभा राहिला. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या ग्राह्य ठरवल्या. ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार बैलाला शेतात काम उरले नाही, शर्यत आहे म्हणून तो जोपासला जातो, हा शेतकऱ्याचा युक्तिवाद आर्थिक आहे आणि त्याचा विचार आर्थिक पातळीवरच व्हायला हवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देणारा हातच हंगामात चाबूकही धरतो. हे ढोंग नव्हे. राबणाऱ्या दोन जिवांमधील हा एक कठीण संबंध आहे. परंतु शेपटी पिरगाळणे, टोकदार आऱ्या टोचणे याला त्या संबंधात जागा नाही, आणि ते चालू ठेवण्यासाठी पोळ्याचा दाखला देणे हा पोळ्याचाच अपमान आहे.

नुसत्या बंदीने आणि नुसत्या बहिष्काराने काय होते, हे थायलंडच्या हत्तींनी दाखवून दिले आहे. १९८८च्या अखेरीस दक्षिण थायलंडमध्ये भीषण पूर आले. जंगलतोडीने उघडे पडलेले डोंगर खाली आले. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक वनांतील व्यापारी लाकूडतोड बंद केली. निर्णय योग्य होता. परंतु ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका रात्रीत बेकार झाले. हत्तीला रोज दीडदोनशे किलो चारा लागतो. तो कोठून आणायचा? माहूत हत्ती घेऊन शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले आणि पुढे पर्यटनाच्या छावण्यांत शिरले. प्रवाशांना पाठीवर बसवणे, चित्रे काढून दाखवणे, चेंडू खेळणे ही त्या हत्तींची नवी नोकरी. त्या नोकरीसाठी पिलाला आईपासून तोडून, जखडून, मारून वठणीवर आणण्याची रीत क्रूर आहे, यात वाद नाही.

जगभर टीका झाली. २०१६ साली ट्रिपॲडव्हायझर या प्रवासव्यवसायातील बड्या कंपनीने हत्तीच्या सवारीसारख्या कार्यक्रमांची तिकिटे विकणे थांबवण्याचे जाहीर केले. मग २०२० साली करोनाच्या साथीमुळे प्रवासीच येईनासे झाले. छावण्या बंद पडल्या आणि अनेक माहूत हत्तींसह पायी आपापल्या गावांकडे निघाले. सवारी बंद झाली, पण हत्तीची भूक बंद झाली नाही. त्या देशात पाळीव हत्तींची संख्या ३ हजारांहून अधिक आहे. त्या सर्वांना सोडून देता येईल एवढे जंगल उरलेले नाही. म्हणजे लाकूड ज्यांनी विकत घेतले, सवारी ज्यांनी केली आणि नंतर सवारीचा निषेधही ज्यांनी केला, ते सर्व आपापल्या घरी सुखरूप पोचले. हत्ती आणि माहूत तेवढे तिथेच राहिले.

याहून निराळा मार्ग असू शकतो, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. नाकात वेसण घालून अस्वल नाचवणारा दरवेशी हे एके काळी गावोगावचे दृश्य होते. परदेशी प्रवाशाला ते पाहून धक्का बसे, आणि तो बसणे योग्यच होते. पिलाचे नाक तापल्या सळईने टोचले जाई. १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई होऊनही ही प्रथा कित्येक वर्षे चालू राहिली, कारण कलंदर जमातीला दुसरे पोट भरण्याचे साधन नव्हते. पुढे ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने आग्र्याजवळ अस्वलांसाठी आश्रयस्थान उभारले आणि अस्वल स्वाधीन करणाऱ्या कुटुंबाला नव्या धंद्यासाठी भांडवल, मुलांना शिक्षण, बायकांना कामाचे प्रशिक्षण देण्याचा क्रम ठेवला. सहाशेहून अधिक अस्वले अशा रीतीने सुटली आणि डिसेंबर २००९ मध्ये अखेरचे नाचरे अस्वलही स्वाधीन झाले. जे काम कायद्याला ३७ वर्षे जमले नाही ते करुणेने आपला खर्च स्वतः उचलल्यावर झाले.

महाराष्ट्रातही ही कसोटी वारंवार समोर येते. मुंबईत सैलानी मंडळींना समुद्रकिनारी हिंडवणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. घोड्यांना तबेल्यांत ज्या स्थितीत ठेवले जाई ती पाहता निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने करावी, असेही न्यायालयाने त्याच वेळी बजावले होते. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे घोडे आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा. घोड्याच्या पाठीवरील व्रणांनी व्यथित झालेला पर्यटक माणसाने ओढलेल्या रिक्षात निर्धास्त बसत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. या दोन्ही ठिकाणी निकालाचा पहिला भाग वृत्तपत्रांत ठळकपणे येतो. दुसऱ्या भागाचे, म्हणजे पुनर्वसनाचे पुढे काय झाले, हे विचारत राहण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

तेव्हा असा वाद पुन्हा उपस्थित होईल तेव्हा आपण कोणती भूमिका घ्यावी? आमच्या मते तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, वेदना ही वेदनाच. ती परंपरेने पवित्र होत नाही आणि गरिबीने क्षम्यही ठरत नाही. दुसरी, जबाबदारी नफ्याच्या दिशेने वर चढली पाहिजे. एखादी वाहिनी करमणुकीसाठी जनावर वापरत असेल तर इजेची भरपाई, पशुवैद्याची हजेरी, मालकाचे पुरेसे भाडे आणि गुन्हा घडल्यास आरोपीचा पिंजरा, हे सर्व त्या वाहिनीच्या वाट्याचे. चित्रीकरणात जनावर वापरण्यापूर्वी रीतसर परवानगी घेण्याचे बंधन आपल्याकडील २००१च्या नियमांत आहे. ते परदेशी निर्मात्यांनाही तितक्याच कसोशीने लावावे. तिसरी, ज्या बंदीबरोबर पर्यायी उपजीविका नाही ती बंदी अपुरी आहे, आणि ती मागणाऱ्याने पर्यायही मागितलाच पाहिजे.

या तिसऱ्या गोष्टीचे कारण एका जुन्या नियमात लपलेले आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केंद्र शासनाने नियम केले. जनावराला दिवसातून नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये, सलग पाच तासांहून अधिक विश्रांतीवाचून जुंपू नये, ३७ अंशांहून अधिक उष्मा असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपूच नये, असे त्यांत लिहिले आहे. नियम उत्तम आहेत. परंतु नऊ तासांच्या भाड्यात ज्याचे घर चालत नाही तो दहावा तास जुंपणारच, आणि त्याच्याबरोबर स्वतःही उन्हात चालणार. जनावराचे कामाचे तास मालकाच्या मिळकतीला बांधलेले आहेत. ही गाठ सोडवल्यावाचून जनावराच्या गळ्यातले जू हलके होणार नाही.

प्रवाशाच्या डोळ्यांत आलेल्या पाण्याची आम्ही थट्टा करणार नाही. दगडापेक्षा ते केव्हाही बरे. आमचे म्हणणे इतकेच की त्या पाण्याची किंमत गाडीवानाच्या, माहुताच्या आणि नांगरधाऱ्याच्या चुलीतून वसूल होता कामा नये. देखाव्यावर ज्याने पैसा मिळवला, खर्चाचा पहिला आकडा त्याच्या नावावर पडला पाहिजे.